वाकडी फुली

क्विरिन आंगेररच्या मते चूक रायफलवरच्या दुर्बिणीची होती. एकाहत्तर वर्षांत त्याचं मत कधी बदलल्याचं त्याच्या बायकोलाही आठवत नव्हतं.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी तो रायफल घेऊन बुर्गीच्या दुकानात शिरला. खोऱ्यातल्या सगळ्या बंदुका बापामागून तीच दुरुस्त करायची. शेगडीजवळच्या बाकावर हार्टल बसला होता. तो निवृत्त पोस्टमन. पत्रं वाटणं सुटलं होतं, बातम्या वाटणं चालू होतं.

"नेमाच्या फुलीची आडवी रेघ वाकलीय," क्विरिन म्हणाला. "अगदी मधोमध. कुबड आल्यासारखी."

"कुबड कोणाला, ते आम्हाला दिसतंय," हार्टल म्हणाला.

क्विरिननं लक्ष दिलं नाही. पंधरा दिवसांपूर्वी संध्याकाळी त्यानं झाडलेली गोळी हरिणीच्या खांद्याऐवजी पायात लागली होती. माग काढणाऱ्या कुत्र्याला ती दीड दिवसानं सापडली. क्विरिन दीड दिवस त्या कुत्र्यामागून चालला होता. गावात त्याबद्दल कोणी त्याला अवाक्षर बोललं नाही, आणि त्या गावात याहून कडक शिक्षा नव्हती. नोव्हेंबरात शिकारीचा हाका होता. सात नंबरच्या जागेवर अडतीस वर्षं क्विरिनच उभा राहायचा. फुली वाकडी असेल तर तो सुटला. नसेल तर काय, हा विचार त्यानं केला नव्हता.

बुर्गीनं दुर्बिणीतून पाहिलं. फुली ओळंब्यासारखी सरळ होती. तिनं रायफल बाजूला ठेवली. कपाटातून दुसरी दुर्बीण काढून तिनं त्याच्या हातात दिली.

"तुझी बारीक रेघांची आहे, अंधार पडला की झाडीत हरवते. ही बघ. बाहेर चारी बाजूंनी जाड, मध्ये बारीक. रानात नजर आपोआप मध्यावर जाते."

"हीसुद्धा वाकलीय."

"मग ही. तीन जाड खुंट, खालचा टोकदार. तुझ्या बापाकडे अशीच होती. मावळतीला रानडुकरावर यासारखं काही नाही."

"खुंटाचं टोक तिरपं आहे."

"याला आता नदीही तिरपी दिसेल," हार्टल म्हणाला.

तिनं मधोमध लाल ठिपका पेटणारी दिली; तो ठिपका त्याला चेपलेल्या बोरासारखा दिसला. मग दरीपलीकडच्या पहाडी बकऱ्यासाठी असते तशी, मध्याखाली अंतराच्या खुणांची शिडी असलेली. शिडीची वरची पायरी मोडकी निघाली.

"पाच दुर्बिणी, पाचही वाकड्या!" क्विरिन विजयी मुद्रेनं म्हणाला. "सगळे कारखाने बिघडलेत."

बुर्गीनं हात पुसले. "हार्टल, खाटकाकडून मांस भरलेले तीन पाव आण. मोहरीची चटणी जास्त घालून."

"आत्ता? आत्ता तर रंग भरतोय."

"आत्ताच."

हार्टल कुरकुरत गेला. दार लागल्यावर बुर्गी म्हणाली, "डावा डोळा झाक. खिडकीचे गज बघ."

क्विरिननं पाहिलं. "तुझे गजही वाकलेत. चोर आले होते का?"

तिनं त्याच्या डाव्या डोळ्याकडे बोट केलं. त्यानं हात बदलला आणि डाव्या डोळ्यानं पाहिलं. पुन्हा उजव्यानं. पुन्हा डाव्यानं. मग तो हार्टलच्या बाकावर बसला.

"म्हणजे ती हरिणी..." तो म्हणाला.

"तुला ठाऊक नव्हतं."

"तिला काय त्याचं!"

बुर्गी त्याच्याशेजारी बसून म्हणाली, "माझ्या आईला असंच झालं होतं. तिनं वर्षभर चष्मेवाल्याला शिव्या दिल्या, तोवर उशीर झाला. तुला झाला नसेल. उद्या सकाळी रोझेनहाइमला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. गाडी मी चालवीन. रायफल इथेच राहील."

हार्टल पाव घेऊन आला तोवर रायफल कुलपात गेली होती. "सापडला का दोष?"

"सापडला," बुर्गी म्हणाली. "कारखान्यात पाठवावं लागेल."

नोव्हेंबरातल्या हाक्याला सात नंबरवर दुसराच कोणी उभा राहिला. क्विरिन नारिंगी जाकीट घालून हाकाऱ्यांत चालला, आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडला.

डिसेंबरात तो दुकानात आला. हार्टल पाव खात बाकावर होताच. बुर्गीनं दुर्बीण पुढे केली. क्विरिन बराच वेळ उजव्या डोळ्यानं बघत राहिला.

"झाली का सरळ?" हार्टलनं विचारलं.

"जवळजवळ."

"केलं तरी काय कारखानेवाल्यांनी?"

क्विरिननं बुर्गीकडे पाहिलं. ती काहीतरी घासत होती. त्याच्यासाठी ती आणखी वर्षभर खोटं बोलली असती.

"डोळ्यात सुई टोचली," तो म्हणाला. "तीनदा. अजून टोचणार आहेत. दुर्बिणीला काही झालं नव्हतं, हार्टल. त्या हरिणीला मी मारलं, आणि वाईट मारलं. सांग गावात."

हार्टलच्या हातातला पाव तोंडाशीच थांबला. पोस्टमनला इतकी मोठी बातमी आयती कधी मिळाली नव्हती, पण तो उठला नाही.

"रायफल राहू दे इथेच," क्विरिन बुर्गीला म्हणाला. "ही रेघ पूर्ण सरळ दिसेल तेव्हा मागेन. नाही दिसली, तर नाही मागणार."

बुर्गीनं मान डोलावली आणि दुर्बीण पुन्हा कुलपात ठेवायला ती आत गेली.

हार्टलनं पाव खाली ठेवला. कोणी बघत नाही अशा बेतानं त्यानं तळहातानं एक डोळा झाकला, आणि खिडकीच्या गजांकडे बघितलं.