आजचं बोट

"उस्ताद, माझं आजचं बोट राहिलंय," न्हावी म्हणाला.

समोर गिऱ्हाईक गालाला साबण लावून बसलेलं. न्हाव्याने ओला हात पँटीला पुसला, मोबाईल काढला, 'फ्रीज दुरुस्ती' असं लिहिलं. सगळ्यात वर घुम्याची जाहिरात आली. तिच्यावर बोट टेकवलं, लगेच बंद केली आणि परत वस्तरा उचलला.

"घ्या. कापले त्याचे पैसे."

आम्ही हसलो. मी जरा जास्तच हसलो.

घुम्या माझ्याच हाताखाली तयार झाला. अकरा वर्षं होता. कामापुरतं बोलायचा, म्हणून घुम्या. पण हात असा, की फ्रीजला नुसता कान लावून दुखणं सांगायचा. त्याचा डावा गाल आणि अर्धा कान भाजलेला आहे. माझ्याच दुकानात भाजला. पाइपात गॅस उरला होता आणि याने डाग द्यायचा पेटता टॉर्च लावला. "गॅस काढलाय, लाव," असं मीच सांगितलं होतं. मला वाटलं होतं काढलाय.

त्यावरून तो मला कधी एका शब्दाने बोलला नाही. पुढे दोन गल्ल्या सोडून स्वतःचं दुकान टाकलं, तेव्हा पाया पडून गेला. गिऱ्हाईक त्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, फ्रीज बर्फ धरतो की नाही ते बघायचं. दोघांचंही बरं चाललं होतं.

मग लोकांनी नंबर लिहून ठेवायचं सोडलं. फ्रीज बिघडला की मोबाईलमध्ये शोधायचं आणि पहिला दिसेल त्याला बोलवायचं. पहिला दिसायचा घुम्या. त्याच्या लेकीने जाहिरात लावून दिली होती. माझा फोन दिवस दिवस गप्प. दुकानात बसून मी माशा मोजायचो.

जावई आला होता, त्याला विचारलं. तो कॉम्प्युटरवाला.

"बाबा, त्याने पैसे भरलेत म्हणून तो वर दिसतो. कोणी जाहिरातीवर बोट लावलं की थोडे पैसे कापतात. दिवसाचे ठरवलेले संपले, की जाहिरात दिसायची बंद."

"कोणी म्हणजे कोणीही?"

"कोणीही. पण तुम्ही तसलं काही करू नका हं. चूक आहे ते. आणि एकाच फोनवरून सारखं केलं, तर त्यांना कळतं."

जावई सरळ माणूस. त्याच्या बोलण्यातलं नेमकं शेवटचं तेवढं मी ध्यानात ठेवलं.

एका फोनवरून नको ना, मग गल्ली आहे की. न्हावी, चहावाला, इस्त्रीवाली, घड्याळवाला, औषधांच्या दुकानातल्या दोघी. रोज सकाळी प्रत्येकाने एकदा. येता-जाता कुणी ओळखीचं दिसलं तरी मी म्हणायचो, "एक बोट देऊन जा." त्याच्या बदल्यात कुणाच्या मिक्सरची वायर जोडून दे, कुणाचा पंखा बघ. अकरा वाजेपर्यंत घुम्या गायब. मग माझा फोन वाजायला लागायचा.

बायकोला कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याचं कुलूप फोडलं असतंत, तर निदान अंगमेहनत तरी झाली असती."

"मी काय चोरलंय त्याचं?"

"ते तुम्हीच मला सांगा."

मी ताट घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन जेवलो.

मग एका दुपारी घुम्या आला. जुन्या सवयीने आत येऊन बाकावर बसला. म्हटलं, कळलं याला.

"उस्ताद, एक विचारतो. खरं सांगाल?"

"विचार की."

त्याने मोबाईल पुढे केला. जाहिरातीवर बोट लावलं की त्याचं पान उघडायचं. मी इतके दिवस लगेच बंद करत होतो, पान कधी पाहिलंच नव्हतं. त्यात त्याचा फोटो होता. नवा शर्ट, केस चापून बसवलेले, तोंड सरळ समोर. गाल लपवला नव्हता.

"लेक म्हणाली, माणूस दिसला की लोकांचा विश्वास बसतो. तिनेच काढला," तो म्हणाला. "यात मोजून कळतं किती जण आले ते. रोज वीस-बावीस येतात. येतात, बघतात आणि दोन सेकंदांत जातात. फोन एकही करत नाही."

मी मोबाईल त्याच्याकडे परत सरकवला.

"दुपारची बाई एकटी असते घरात. असलं तोंड कोण घेईल आत? तुम्हाला काय वाटतं? फोटोमुळेच ना?"

अरे बाबा, ती गिऱ्हाइकं नाहीत रे. तो न्हावी आहे, ती इस्त्रीवाली आहे, तो मी आहे. दातांपर्यंत आलं होतं. एवढंच बोलायचं होतं.

"काढून टाक फोटो," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. "मलाही तेच वाटलं. म्हटलं, उस्ताद उगाच बरं वाटावं म्हणून बोलणार नाहीत." उठताना म्हणाला, "लेकीला सांगू नका. तिला वाईट वाटेल."

दुसऱ्या दिवशी मी गल्लीत सगळ्यांना सांगितलं, बोट बंद. न्हावी म्हणाला, "का हो, दया आली?" बंद करूनही उपयोग नव्हता. घुम्याने फोटोच नाही, जाहिरातच काढून टाकली होती. दोन महिने त्याने कळ काढली, मग दुकानाची पाटी उतरवली.

मीच त्याला बोलवायला गेलो. मान खाली घालून आला. आता माझ्याकडेच असतो. हात अजून तसाच आहे. पण कुणाच्या घरी जायचं म्हटलं की म्हणतो, "तुम्ही जा उस्ताद, मी इथलं बघतो." दारात गिऱ्हाईक दिसलं की उजवा गाल पुढे करून उभा राहतो. आधी असं करत नव्हता.

सकाळी दुकान उघडलं की मी त्याची खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवतो, उजेडात. तो येतो, डबा खुंटीला अडकवतो आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून कामाला बसतो.