कापलेल्या तारेवरचे बोलणे

मित्रांनो, सिनेमात काम केलेला टेलिफोन तुम्ही कधी पाहिला आहे का? नसेल, तर आज भेटा. तो मीच. रंग काळा, अंग जड, पोटावर आकड्यांची गोल तबकडी. मध्यंतरी एका चिमुरडीने मला पाहून आईला विचारले, "हा वजनकाटा आहे का गं?" मला राग आला नाही. ती जन्मली तेव्हा मला निवृत्त होऊन जमाना लोटला होता.

माझा जन्म एका कारखान्यातला. तेथून मी थेट सिनेमाच्या स्टुडिओत गेलो, आणि पहिलेच काम असे मिळाले की भल्याभल्या नटांना हेवा वाटावा. एक चोर टपालकचेरीत सहा माणसांना ओलीस धरून बसतो आणि बाहेरचा पोलीस अधिकारी त्याच्याशी टेलिफोनवर बोलत राहतो, अशी ती गोष्ट होती. अधिकारी पडद्यावर दिसतच नाही. त्याचा फक्त आवाज. म्हणजे अर्धा सिनेमा माझ्याच जिवावर!

त्या आवाजासाठी आणलेला नट फार ओरडायचा. शेवटी दिग्दर्शक आमच्या ध्वनिमुद्रकाला म्हणाले, "तुम्हीच बोला हो. तुमच्या बोलण्याने माणूस शांत होतो." मग माझी तार खरोखर शेजारच्या खोलीत नेली आणि ध्वनिमुद्रक तेथून बोलू लागले. ते काय बोलणार, हे चोर झालेल्या नटाला सांगितलेलेच नव्हते. ध्वनिमुद्रक एक वाक्य बोलत आणि गप्प राहत. त्या शांततेत नटाच्या कपाळावर जो घाम फुटे, तो रंगभूषेचा नव्हता. त्या सिनेमात एकही गोळी सुटली नाही, तरी लोक खुर्चीला घट्ट धरून बसत.

पुढे त्या सिनेमाच्या प्रती खराब झाल्या, ध्वनिमुद्रक वारले, आणि मी सामानाच्या खोलीत एका फुटक्या आरशामागे जाऊन पडलो. किती वर्षे, ते विचारू नका.

मग एके दिवशी कोणीतरी माझ्यावरची धूळ फुंकली. तोच सिनेमा नव्याने निघणार होता! आनंदाने माझी घंटा वाजायचीच बाकी होती.

चित्रीकरणाच्या जागी मला ध्वनिमुद्रकांची लेक भेटली. तिचे काम टिपणांचे. सिनेमातले प्रसंग उलटसुलट क्रमाने टिपतात ना, म्हणून कोणाच्या कुठल्या हातात कप होता, दार उघडे होते की बंद, हे सगळे ती वहीत लिहून ठेवी. सगळे तिला ताई म्हणत. वडिलांच्या आवाजाची जुनी टेप तिनेच या सिनेमासाठी दिली होती. टेपच्या त्या मोठ्या चकत्या लावून ऐकायचे यंत्र घरी कोठून असणार? बदल्यात तिने एकच मागितले.

"पहिल्या खेळाला माझ्या आईला पुढच्या रांगेत बसवा," ती नव्या दिग्दर्शकांना म्हणाली. "तिचे कान जात चाललेत, सर. डॉक्टर म्हणतात, फार तर सहा महिने. बाबांचा आवाज तिला एकदा नीट ऐकायचाय."

"एवढंच ना? दिलं!" दिग्दर्शक म्हणाले. माणूस मनाने वाईट नव्हता. घाई मात्र फार.

नव्या सिनेमात पहिल्या दहा मिनिटांतच इतक्या गोळ्या सुटल्या की मी मोजायचे सोडून दिले. चोर कोणाचे ऐकतच नव्हता, नुसता किंचाळत होता. माझ्यावरून येणारे बोलणे तर जुन्या टेपवर होतेच. नटाच्या कानाशी रिसीव्हर, पण आत आवाज नाही. तो नंतर जोडणार होते. आणि शेवटच्या दिवशी दिग्दर्शकांना नवीच कल्पना सुचली. चोर किती भयंकर आहे हे दाखवायला त्याने आत शिरताच टेलिफोनची तार कापायची.

कच्‌! मित्रांनो, ती खोटी तार नव्हती. माझीच होती. मी सुन्न झालो.

ताई वही घेऊन धावली. "सर, एक मिनिट. तार सुरुवातीलाच कापली, तर पुढे तो बोलणार कशावर?"

"ताई, लोक सिनेमा बघायला येतात, वायरिंग तपासायला नाही."

सगळे हसले. ताईने ते वहीत लिहिले आणि वही मिटली.

पहिल्या खेळाच्या दिवशी मला शोभेसाठी पडद्याखाली एका चौरंगावर ठेवले. समोरच ताईची आई बसली होती, एक हात कानामागे धरून. पडद्यावर तार कापली गेली, तसा मी पुन्हा शहारलो. पुढे बोलण्याचा प्रसंग आला. चोराने मला उचलले. अंधारातून एका मुलाचा खणखणीत आवाज आला, "अहो काका, तार तर तुम्हीच कापलीत!"

सगळे थिएटर हसून लोटपोट झाले. शिट्ट्या, टाळ्या, आणि प्रत्येक वाक्याला पुन्हा नवा हशा. त्या गोंगाटातच ध्वनिमुद्रकांचा आवाज सुरू होऊन संपूनही गेला.

दिवे लागले. आईने लेकीला विचारले, "काय म्हणाले गं ते? हसण्यात मला काहीच कळलं नाही."

मागे उभ्या असलेल्या दिग्दर्शकांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

"काकू, उद्या सकाळी या," ते म्हणाले. "तुमच्या एकट्यांसाठी लावतो."

दुसऱ्या दिवशी रिकाम्या थिएटरात तेवढाच प्रसंग लावला. आता हसायला कोणी नव्हते. आईने शेवटपर्यंत ऐकले आणि मान हलवली.

"हे ते नव्हेत."

"काकू, आवाज त्यांचाच आहे. शपथ!"

"आवाज त्यांचा आहे रे बाबा. बोलणं त्यांचं नाही. असे धावत कधी बोलले ते? गाडी सुटत होती का त्यांची?"

दिग्दर्शक ताईकडे वळले. "ताई... आम्ही मधल्या गप्प जागा काढून टाकल्या. अकरा मिनिटांचं चार मिनिटांत बसवलं. सिनेमा धावता राहावा म्हणून."

माझी तार कापली तेव्हा आवाज तरी झाला होता. ही कापाकापी कोणालाच ऐकू आली नव्हती.

सुदैवाने स्टुडिओत पूर्ण टेपची नक्कल होती. दिग्दर्शक स्वतः जाऊन ती घेऊन आले. दुपारच्या खेळाचे लोक दाराशी कुरकुरत होते; त्यांना त्यांनी हात जोडून थांबवले. आत फक्त आवाज लावला.

"मी इथेच आहे," ध्वनिमुद्रक म्हणाले. आणि गप्प राहिले.

"हं," आई हळूच म्हणाली.

"मला घाई नाही." पुन्हा शांतता.

"हं."

"तिथं कोणाला तहान लागलीय का?"

या वेळची शांतता फार लांबली. आई पुढे वाकली, आणि अगदी घरातल्या घरात बोलावे तसे म्हणाली, "नाही. तुम्ही बोला."

अकरा मिनिटे ती अशीच हुंकार देत राहिली. दिग्दर्शक माझ्या चौरंगाशी मांडी घालून बसले होते. त्यांनी एकदाही घड्याळ पाहिले नाही.

पुढे सिनेमातून तार कापण्याचा प्रसंग काढला गेला. गप्प जागा मात्र परत आल्या नाहीत. प्रेक्षक तेवढा वेळ थांबायचे नाहीत, असे निर्मात्याचे म्हणणे पडले. खरे असेलही. मी टेलिफोन, मला धंद्यातले काय कळणार?

पण तुम्ही तर प्रेक्षक नाही, मित्रांनो. तुमच्या घरातली माणसे सिनेमात नाहीत. तुमच्याशी बोलता बोलता कोणी मध्येच थांबले, तर ती जागा कापू नका. तिथे त्यांचे बोलणे संपलेले नसते. नुसते 'हं' म्हणा, आणि थांबा.