तिसऱ्या थापेनंतर

“दार तिकडे आहे,” फर्रुख म्हणाला. “मग ही पोरगी खाली का बघते?”

टेबलाभोवती नटमंडळी संहिता उघडून बसली होती. सकाळचे अकरा वाजले होते, हीटर गुरगुरत होता, पियाल्यांमधला हिरवा चहा निवत चालला होता. तालमी उभ्या राहण्याआधी महिनाभर टेबलाशी बसून नाटकातलं वाक्य न् वाक्य सोलून काढायचं, ही इथल्या नाट्यगृहाची जुनी शिस्त. फर्रुख ताश्कंदहून आलेला तिशीतला दिग्दर्शक, त्याच्या अंगात ती जरा जास्तच भिनली होती.

आज शेवटचा प्रवेश होता. विणकराची मुलगी प्रियकर मेला असं समजून विष घेते, आणि तेवढ्यात तोच येऊन दार ठोठावतो. तीन थापा पडतात. ती बोलत नाही, हलत नाही, तशीच मरते. तिच्या त्या गप्प राहण्यावर इथलं सगळं फरगाना खोरं एकतीस वर्षं रडत आलं होतं.

“विष घशाला लागलं असेल, बोलणार कशी?” म्हातारे तोलिब अका, सगळ्यांचे थोरले दादा, म्हणाले. ते बापाची भूमिका करत आणि मधल्या वेळात सगळ्यांची टिंगल करत. “माझी बायको बाकी विष पाजलं तरी गप्प बसायची नाही.”

“अका, मी खाली बघण्याबद्दल विचारतोय. जुन्या प्रयोगांच्या फिती पाहिल्या मी. नऊ नट्यांनी ही भूमिका केली. थाप दारावर पडते आणि नऊच्या नऊ बघतात कुठे, तर रंगमंचाच्या कडेला. मोहिचेहरा, भूमिकेच्या चाचणीत रंगमंचावर तूही दर खेपेला तेच केलंस. कुणी शिकवलं?”

मोहिचेहरा तेवीस वर्षांची होती. तिने शालीचं टोक बोटाला गुंडाळलं.

“कुणीच नाही. मी ठरवते दाराकडे बघायचं. मान वळतच नाही. वाटतं, खालून कुणीतरी काहीतरी सांगणार आहे, तेवढं ऐकावं.”

खाली, रंगमंचाच्या कडेला, नटांना वाक्यं कुजबुजून सांगणाऱ्या प्रॉम्प्टरचं खोकं होतं. त्यात बसणारी बाई टेबलाच्या टोकाला वही उघडून बसली होती. सबोहत ओपा, सगळ्यांची ताई. साठी उलटलेली, चणीने लहान, आवाज मात्र देवाने वीस जणींचा दिलेला. त्या नऊ जणींचे डोळे तिने हातभरावरून पाहिले होते. जणी वेगळ्या, काळे-घारे डोळे वेगळे, पण नजर एकाच बाईची. आणि दर वेळी डोक्यावर ऐकू यायचा बोलण्याआधी घेतात तसा श्वास. घेतलेला, न सोडलेला. सबोहत त्या वेळी वहीत तोंड खुपसून मनात आकडे मोजायची.

फर्रुखने पिशवीतून एक छायाप्रत काढली.

“ही नाटकाची मूळ प्रत. इथे तिसऱ्या थापेनंतर ती बोलते. ‘थांब, येते मी.’ एवढंच. मग उठते आणि दारापर्यंत पोचत नाही. ओपा, तुमच्या वहीत हे वाक्य आहे?”

“आहे,” सबोहत म्हणाली. “निळ्या पेन्सिलीने खोडलेलं.”

“कुणी खोडलं?”

“वरून आदेश होता,” तोलिब अका मध्येच म्हणाले. “त्र्याऐंशी साली, सोव्हिएत राजवटीत. वरून आदेश म्हटल्यावर कागद बघायला मागतो कोण? मागणाराच वर जायचा.”

सगळे हसले. सबोहत हसली नाही. एकतीस वर्षं हे उत्तर तिला पुरलं होतं. आताही मान हलवली असती तर निभावलं असतं, आणि पुढच्या आठवड्यात तालमी उभ्या राहिल्या की पुन्हा ती नजर सोसायची. तिला एकदम फार थकल्यासारखं झालं.

“आदेशबिदेश काही नव्हता,” ती म्हणाली. “मीच खोडलं.”

हसू जिथल्या तिथे विरलं.

“ही भूमिका मला हवी होती. तेव्हाचे दिग्दर्शक मला म्हणाले, आवाज सोन्याचा, पण तू तिसऱ्या रांगेतून दिसायची नाहीस. भूमिका जमीराला मिळाली आणि मला ते खोकं. पहिल्या प्रयोगाच्या संध्याकाळी, पडदा उघडण्याआधी, जमीरा सगळ्यांदेखत म्हणाली, सबोहत, जरा मोठ्याने सांगत जा, तुझ्या कुजबुजीने पेंग येते. झोंबलं मला. तिसरी थाप पडली, जमीरा अडली, माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, वाक्य विसरली. म्हटलं, बघ आता. दोन श्वास बघ. मी सांगितलं नाही.”

“ओपा,” फर्रुख हळूच म्हणाला, “तिचं तर हृदय बंद पडलं होतं. लॉबीतल्या तिच्या फोटोखालीच लिहिलंय.”

“ते पडदा पडल्यावर कळलं. लोक टाळ्या वाजवत होते. ती मरत होती आणि माझ्याकडे बघत होती, आणि मी तोंड मिटून बसले होते. दुसऱ्या दिवशी कुणी विचारू नये, तू वाक्य दिलंस का, म्हणून वाक्यच खोडलं आणि वरून आदेश आलाय असं सांगितलं.”

फर्रुखने छायाप्रत मोहिचेहरापुढे सरकवली. मग म्हणाला, “वाचूया. वाक्यासकट.”

मोहिचेहराने वाचायला घेतलं. पोरीचा आवाज चांगला लागला होता. तोलिब अकांनी टेबलावर थाप मारली. एक. दोन. तीन.

कागद तिच्या समोर होता, वाक्यावर फर्रुखची लाल खूण होती. पण मोहिचेहराचे डोळे कागदावरून उठले आणि टेबलाच्या टोकाला सबोहतवर येऊन थांबले. तिने श्वास घेतला. सोडला नाही. तिचे ओठ पांढरे पडत गेले. फर्रुख अर्धवट उठला.

सबोहतने या खेपेला वहीत तोंड खुपसलं नाही. त्या डोळ्यांत बघून ती पूर्ण आवाजात म्हणाली, “थांब, येते मी.”

मोहिचेहराचा श्वास सुटला. तिची नजर सबोहतवरून निघाली आणि सावकाश खोलीच्या दाराकडे गेली. टेबलावरच्या सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. दार बंद होतं. बाहेर कुणाची चाहूल नव्हती.

सबोहतने खुर्ची मागे सारली, गुडघ्यावर हात टेकत उठली आणि जाऊन दार उघडलं. मग उजवा हात छातीशी धरून ती बाजूला सरली आणि मोठ्या माणसाला द्यावी तशी जमीराला वाट देत खाली मान घालून उभी राहिली. जरा वेळाने तिने दार ओढून घेतलं.