माणसांपेक्षा मतं जास्त

थिएटरात माणसं होती एकशे अठ्ठेचाळीस आणि पेटीत मतं निघाली एकशे एक्कावन्न.

असं होत नसतं. सात वर्षं मी हेच काम करतोय. सिनेमा लागायच्या आधी लोकांना फुकट दाखवतात, दारात पिवळं कार्ड देतात, लोक मत लिहून पेटीत टाकतात आणि मी ती मोजून निर्मात्याला अहवाल देतो. दहाबारा जण तरी कार्ड घडी घालून खिशात घालतातच. एखादा त्यात च्युइंगम गुंडाळतो. म्हणजे मतं कायम माणसांपेक्षा कमी. जास्त निघाली की समजायचं, पाणी कुठंतरी मुरतंय.

सिनेमा गुप्तहेराचा होता. गुप्तहेर दारुडा, बायकोनं सोडलेला, आणि त्याच्याकडं येणारी बाई मेलेली. माझा खून कुणी केला ते शोध म्हणते. अर्धा सिनेमा अंधारात, उरलेला सिगारेटच्या धुरात. नाव सांगत नाही, फुकट जाहिरात करायला मी बसलेलो नाही. पण हे सांगायलाच हवं की त्याचं एडिटिंग माझ्या थोरल्या बहिणीनं केलं होतं. भावानं बहिणीच्या सिनेमाची मतं मोजायची का, असा प्रश्न कुणाला पडला नाही. दोन वर्षांपूर्वी एका दिग्दर्शकानं भाड्याची माणसं बसवली होती, त्याची तीस कार्डं मी बाहेर काढली आणि त्याचा सिनेमा त्याच्या हातून गेला. माझ्या तोंडावर थुंकला तो. तेव्हापासून निर्माते माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात.

ताईच्या शेवटात खुनी सापडत नाही. गुप्तहेर ऑफिसचं दार आतून लावून घेतो आणि पडदा काळा होतो. निर्मात्याला हा शेवट अजिबात पसंत नव्हता. करारात लिहिलं होतं की शंभरात साठ जण ‘आवडला’ म्हणाले तर शेवट ताईचा. एक जरी कमी पडला तर सिनेमा दुसऱ्या एडिटरकडं जाणार, आणि तो पोलिसांची गाडी आणून खुन्याला बेड्या घालणार. दीड वर्ष ताईनं त्या सिनेमावर डोळे फोडले होते.

मी कार्डं वाचायला बसलो. एकानं लिहिलं होतं, ‘एवढा अंधार का? वीज गेली होती का?’ दुसऱ्यानं, ‘भूत ठीक आहे, गुप्तहेराला आंघोळीची गरज आहे.’ एका बाईंनी, ‘खुनी नवराच असणार, नेहमी तोच असतो, मग पकडत का नाहीत?’ आणखी एकीनं, ‘मला काही कळलं नाही, पण आज घरी एकटी जाणार नाही.’ ही खरी मतं. खऱ्या मताला कोपरे असतात, ते टोचतं.

‘आवडला’ निघाले त्र्याण्णव. म्हणजे एकसष्टच्या वर. ताई वाचली होती. मी पेन खाली ठेवून चहा प्यायला हवा होता. पण ते तीन जास्तीचे कागद डोळ्यासमोरून हलेनात.

आधी गेटवाल्या काकांकडं गेलो. हातातलं मोजयंत्र ते कधी खाली ठेवत नाहीत. काका, आकडा चुकला का, विचारलं तर म्हणाले, तीस वर्षं मुंडकी मोजतोय, तू आपले कागद मोज. पेटीजवळ कोण कोण आलं, तेही विचारलं. सगळेच आले, म्हणाले, पेटी त्यासाठीच असते.

मग मला दिग्दर्शकाचा संशय आला. सिनेमा चालू असताना दोनदा बाहेर येऊन पाणी पिऊन गेला होता. मग निर्मात्याचाही आला. पण त्याला ताईला पाडायचं असतं तर त्यानं शिव्यांची कार्डं टाकली असती, कौतुकाची कशाला?

म्हणून कौतुकाची कार्डं वेगळी काढून पुन्हा वाचली, आणि हात थांबला. चौदा जणांनी एकाच प्रसंगाची तारीफ केली होती. गुप्तहेर न्हाव्याकडं दाढीला बसतो, आरशात ती मेलेली बाई त्याच्या मागं उभी दिसते, आणि न्हावी आपला शांतपणे वस्तरा चालवत राहतो. चौदा अक्षरं, चौदा पेनं, प्रसंग एकच.

तो प्रसंग त्या दिवशी दाखवलाच नव्हता.

ताईनं तो सकाळी काढून टाकला होता. मी तिच्या शेजारीच बसलो होतो आणि दुपारी ती नवी कॉपी मीच थिएटरात पोचवली. मग न दाखवलेला प्रसंग चौदा जणांना आवडला कसा? ही कार्डं आधीच लिहून ठेवलेली होती, आणि लिहिणाऱ्याला प्रसंग उडाल्याचा पत्ता नव्हता. दिग्दर्शक आणि निर्माता दोघंही थिएटरात बसलेले, त्यांना पत्ता होता. जुनी कॉपी पाहिलेलं आणि थिएटरात न बसलेलं एकच माणूस उरत होतं. आदल्या आठवड्यात ताईच्या घरी जेवताना आम्ही ती कॉपी पाहिली होती. ताई, मी आणि भाऊजी. कोऱ्या कार्डांचा गठ्ठा मी तिथंच टेबलावर विसरून आलो होतो. आणि सिनेमा सुटायच्या वेळी, लग्नाला बारा वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच, भाऊजी बायकोला न्यायला वेळेवर हजर होते.

एका कार्डाच्या कडेला गुलाबी मेणाचा ठसा होता. भाऊजी कवळ्या बनवतात. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात, ते इतकं अक्षरशः माझ्या वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं.

मी त्यांच्या कारखान्यात गेलो. मोठ्या टेबलाभोवती माणसं बसून दात घासत होती, स्वतःचे नव्हे, गिऱ्हाइकांचे. मला बघताच चार माना खाली गेल्या. भाऊजींनी यंत्र बंद केलं नाही. मी कार्ड त्यांच्यापुढं धरलं.

“मग काय झालं, मेहुणे?” ते म्हणाले. “प्रसंग चांगलाच होता. खोटं काय लिहिलं?”

“तो दाखवला नाही. ताईनं सकाळी काढून टाकला.”

आता यंत्र बंद झालं. हातातली वरची कवळी त्यांनी टेबलावर ठेवली. मग हळूहळू सांगितलं. त्या दिवशी जेवताना ते सहज बोलून गेले होते, की न्हाव्याचं मला काही कळलं नाही, बाई आहे का नाही. ताईनं नुसतं बरं म्हटलं, पण ताट तसंच ठेवून उठली. ते त्यांना लागून राहिलं होतं. म्हणून कामावरच्या पोरांना सगळी गोष्ट सांगितली आणि एकेक कार्ड लिहून घेतलं.

मी म्हटलं, “तिला सांगायला तोंड नव्हतं का?”

“तुझ्या बहिणीला?” ते म्हणाले. “तू सांगून बघ.”

चौदा कार्डं बाजूला काढली तर एकशे सदतीसांत ‘आवडला’ एकोणऐंशी. सत्तावन्नच्या वर, अठ्ठावन्नच्या आत. मी गप्प बसलो असतो तर कुणालाही कळलं नसतं. जो माणूस माझ्या तोंडावर थुंकला, त्याला तरी कुठं कळणार होतं? रस्त्यानं चालताना मी हेच चघळत होतो, आणि स्वतःचीच किळस येत होती. त्याची तीस चालली नाहीत, मग हिची चौदा कशी चालतील?

संध्याकाळी ताईच्या घरी गेलो आणि कार्डं तिच्या पुढ्यात ठेवली. भाऊजी नुकतेच आले होते, बोटांवर कवळ्यांच्या साच्याचं प्लास्टर तसंच. तिनं चौदाही कार्डं वाचली. एकही शब्द न सोडता. मग मला विचारलं, खरा आकडा किती. मी सांगितला.

“मग तोच लिही.”

“ताई, शेवट जाईल.”

“मला मोजता येतं,” ती म्हणाली.

मी तिथंच, तिच्याच टेबलावर अहवाल लिहिला आणि सही केली. ती माझ्याकडं बघतही नव्हती. ती भाऊजींकडं बघत होती, आणि तिचा आवाज अगदी साधा होता, मीठ मागताना असतो तसा.

“याच्याआधीच्या तीन सिनेमांना तू चांगलं म्हणालास,” ती म्हणाली. “ते कुणाकडून लिहून घेतलं होतंस?”

भाऊजी हसायला गेले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. खरंच चांगले होते, असं काहीतरी पुटपुटले. ताईनं विचारलं, दुसऱ्यात काय चांगलं होतं? त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान वळवली, कारण दुसरा मलाही आठवत नव्हता.

हात धुऊन येतो, म्हणून ते आत गेले. नळ सुरू झाला. ताई चौदा कार्डं पत्त्यांसारखी एकावर एक लावत होती, आणि नळ काही बंद होत नव्हता.