साचेवाल्यांची पोस्टकुंडली

ताईंनी पोर्सेलीनचा दात चिमट्यात धरून खिडकीपाशी नेला, रंगपट्टीवरच्या नमुन्याशेजारी ठेवला आणि मान तिरकी करून पाहिलं. दात अजून थोडा पिवळा हवा होता. ज्या आजोबांच्या तोंडात तो बसणार होता, त्यांनी जन्मभर चहा आणि तंबाखू यांच्यावर सारखंच प्रेम केलं होतं. त्यात हा एकटाच पांढराशुभ्र दात चमकला असता, तर हसताना त्यांचंच हसू झालं असतं.

“ताई, कुंडली तुम्हीच लिहायची. सगळ्यांनी ठरवलंय.”

मागे फोनवाली उभी होती. कृत्रिम दात तयार करणाऱ्या त्या छोट्याशा कारखान्यात दवाखान्यांचे फोन घ्यायचं काम तिचं, आणि सगळ्यांनी काय ठरवलंय हे सगळ्यांच्या आधी ठरवायचं कामही तिचंच. ताईंनी दात डबीत ठेवला. कोणाची कुंडली, हे विचारायची गरज नव्हती. जबड्यांचे प्लास्टरचे साचे ओतणारे साचेवाले या शुक्रवारी नोकरी सोडून चालले होते.

पोस्टकुंडली ही तिथली जुनी खोड. जो कोणी काम सोडून जाईल, त्याने सोशल मीडियावर टाकलेल्या सगळ्या पोस्ट कोणीतरी बसून वाचायच्या, त्यावरून त्याच्या स्वभावाची टवाळ कुंडली मांडायची आणि शेवटच्या दिवशी मधल्या मोठ्या टेबलाभोवती सगळ्यांसमोर ती वाचायची. नियम एकच, पण कडक होता. प्रत्येक वाक्याला पोस्टचा आधार पाहिजे. ऐकणाऱ्यांपैकी कोणीही ‘पुरावा!’ म्हणावं आणि वाचणाऱ्याने ती पोस्ट तिथल्या तिथे काढून दाखवावी. नाही दाखवता आली, तर टेबलावर उभं राहून गाणं म्हणावं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं कोणी करू नये म्हणून मालकीणबाईंनीच हा नियम घातला होता. पुढे पुढे लोकांना कुंडलीपेक्षा पुराव्याचीच जास्त मजा येऊ लागली.

एरवी कुंडली हिशेबनीस लिहीत. पण त्यांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी फोनकडे बघायचं नाही असं बजावलं होतं. मग फोनवालीने एका ॲपला कामाला लावून पाहिलं. साचेवाल्यांच्या सगळ्या पोस्ट त्याच्या घशात घातल्यावर त्याने क्षणात निकाल दिला, की हे गृहस्थ धाडसी, फॅशनचे भोक्ते आणि पादत्राणांचे शौकीन आहेत. साचेवाल्यांना रस्त्यात कुठेतरी एकटा पडलेला बूट दिसला, की त्याचा फोटो काढायची सवय होती. त्या बिचाऱ्या ॲपला वाटलं, माणूस खरेदीला निघालाय.

“त्यांचं टेबल तुमच्या शेजारी. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?” फोनवाली म्हणाली.

ती सहज बोलली होती. ताईंनी मात्र न पडलेला कापसाचा बोळा शोधायला मान खाली घातली.

साचेवाले जाणार हे कळल्यापासून ताईंना कशातच गोडी वाटेना. साचेवाल्यांच्या मुलाला दूरच्या शहरात नोकरी होती, सुनेला दिवस गेले होते, आणि घरात वडीलधारं माणूस हवं म्हणून मुलगा कधीचा मागे लागला होता. बायको जाऊनही बराच काळ लोटला होता. इथे त्यांना अडवणारं काही नव्हतं. निदान सगळे तसं म्हणत. ताई काही म्हणाल्या नव्हत्या. इतकी वर्षं शेजारी बसून त्यांनी साचेवाल्यांना प्लास्टर फार घट्ट झालंय, पाणी संपलंय आणि पंखा कमी करा याखेरीज काही सांगितलं नव्हतं. आणि साचेवाले? कारखान्यातले झाडून सगळे ताईंना ताई म्हणत, हिशेबनीससुद्धा, जे वयाने त्यांच्याहून मोठे होते. साचेवाल्यांनी मात्र एकदाही ताई म्हटलं नव्हतं. ‘अहो, जरा बघता का,’ एवढंच म्हणत. या एवढ्याशावर ताई आजवर जगत आल्या होत्या, आणि आता तेही जाणार होतं.

त्या संध्याकाळी घरी त्या स्वयंपाकघराच्या टेबलाशी फोन घेऊन बसल्या. वहिनी भांडी पुसून फडताळात लावत होत्या.

“वन्सं, कुणाचं काय बघताय एवढं?”

“कामाचंच आहे.”

वहिनींनी आणखी काही विचारलं नाही. भावाच्या घरात इतकी वर्षं राहिल्यावर कुठे विचारायचं आणि कुठे फडताळ लावत राहायचं हे दोघींनाही कळत होतं.

पोस्ट बघायच्या म्हणजे काय, त्या ताईंना पाठच होत्या. तरी त्यांनी एकेक उघडली. कुंपणावर कोणीतरी अडकवून ठेवलेला एक हातमोजा. बसथांब्यावर राहिलेली छत्री आणि खाली एकच ओळ, ‘मी विसरतो, पण वस्तू वाट बघतात.’ चमच्यात उलटा दिसणारा स्वतःचा चेहरा. लिहिता लिहिता ताईंना भलतंच काहीबाही सुचत गेलं. प्लास्टर ओतल्यावर ते साच्यावर दोनदा फुंकर घालतात. चिडले की आवाज चढवण्याऐवजी उतरवतात. ताईंना ताप आला होता त्या दिवशी त्यांनी ताईंच्या वाटचे दात रंगवले, रंग चुकला, आणि दवाखान्याचं बोलणं स्वतः ऐकून घेतलं. हे सगळं ताईंनी लिहिलं आणि खोडलं. याचा पुरावा पोस्टमध्ये नव्हता. तो त्यांच्या डोळ्यांत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तशी त्यांची गत झाली होती. प्रत्येक ओळ त्या दोनदा तपासत होत्या, कुठे काही दिसेल का म्हणून.

शुक्रवारी दुपारी काम लवकर आवरलं. मोठ्या टेबलावरचे जबड्यांचे साचे बाजूला सरकवून कप आणि केक मांडला गेला. साचेवाले नेहमीचा पांढरा कोट काढून बसले होते आणि त्यामुळे थोडे परके दिसत होते. हिशेबनीस काळा चष्मा लावून समोरच्या खुर्चीत, न्यायाधीशाच्या थाटात. ताई उभ्या राहिल्या. 

“जातक एकपायी आहे. जगातला प्रत्येक उजवा बूट त्याला सापडतो, डावा कधीच सापडत नाही.”

हशा झाला. पुराव्याला फोनवालीने बुटांची रांगच दाखवली.

“जातकाला अभिनंदन आणि सांत्वन यांतला फरक कळत नाही. कोणाचं लग्न होवो की कोणाचे आजोबा जावोत, तो खाली लिहितो, ‘काळजी घ्या.’”

मालकीणबाई इतक्या हसल्या की त्यांना कप खाली ठेवावा लागला. त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला हेच आलं होतं. साचेवालेही हसत होते, दोन्ही हात टेबलावर ठेवून, ओतलेला साचा सुकायची वाट बघावी तसे. ताईंना धीर आला. पुढची ओळ त्यांनी कागदाकडे न बघताच म्हटली.

“जातक विसराळू आहे. रोज घरी जाताना कोपऱ्यावर थांबतो, मागे वळून वर बघतो, आणि किल्ली राहिली की काय म्हणून खिसे चाचपतो.”

“पुरावा!” हिशेबनीस म्हणाले.

ताईंनी फोन हातात घेतला. छत्रीची पोस्ट आली, ती नव्हती. त्यांनी पुढे सरकवलं, मागे सरकवलं. बूट, हातमोजा, चमचा. किल्लीची पोस्ट होती, त्यांनी ती पाहिली होती, कोपऱ्यावरचा दिवा, वर वळलेला चेहरा, खिशावरून फिरणारा हात. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की ती पोस्ट नव्हती. ते त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं. रोज, ते जिना उतरून गेल्यावर, खिडकीच्या, प्लास्टरच्या धुळीने धुरकट झालेल्या काचेआड उभं राहून. विसराळूपणाची ती छत्री आणि हा कोपरा त्यांच्या डोक्यात कधी एक झाले, त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.

 ताईंचे कान तापले. गाण्याची भीती नव्हती. गाणं त्या म्हणाल्याही असत्या. पण ‘मग तुम्हाला कसं माहीत?’ एवढं कोणी विचारलं असतं, तर सगळं उघड्यावर आलं असतं.

“होती पोस्ट,” साचेवाले म्हणाले. “मीच काढून टाकली नंतर.”

“काढलेली पोस्ट नियमात बसत नाही,” हिशेबनीस म्हणाले.

“ज्याची कुंडली तोच साक्षीला उभा राहिलाय, आता काय कोर्टात जाता?” मालकीणबाईंनी निकाल दिला आणि टाळ्या झाल्या. ताईंनी उरलेली कुंडली वाचली. काय वाचलं ते त्यांना नंतर आठवलं नाही. साचेवाल्यांनी तशी पोस्ट कधीच टाकली नव्हती, हे त्या टेबलाभोवती फक्त दोन माणसांना ठाऊक होतं.

नंतर बेसिनपाशी कप विसळताना फोनवाली तिच्याच नादात बोलत होती. केक गोड कमी होता, हिशेबनीस जरा जास्तच करतात, आता साच्यांच्या टेबलावर कोण येईल कोणास ठाऊक. मग मध्येच थांबून म्हणाली,

“पण ताई, साचेवाले किल्ली कशाला शोधतील? त्यांच्या दाराला आकडे दाबायचं कुलूप आहे. ते मुलाकडे गेले होते तेव्हा झाडांना पाणी घालायला मीच जायचे ना. किल्ली नाहीच त्यांच्याकडे. उगीच थापा.” आणि स्वतःच समजूत घालून घेतली, “म्हणून तर काढली असेल पोस्ट.”

ताईंनी नळ बंद केला. हातातला कप धुतलेला होता की धुवायचा, हे त्यांना आठवेना. त्यांनी तो पुन्हा धुतला.

साचेवाले सगळ्यांचा निरोप घेत शेवटी त्यांच्या टेबलापाशी आले. पिशवीत डबा, चप्पल आणि प्लास्टर घोटायची त्यांची जुनी वाटी होती. डबीतल्या दाताकडे त्यांनी पाहिलं.

“जमला रंग?”

“सकाळी बघेन. आता उजेड फसवतो.”

“हो.” ते थोडा वेळ दाताकडेच बघत राहिले. “संध्याकाळी तुमच्या टेबलाला काम नसतं, तरी दिवा जळतो. पहिल्यापासून माहितीये मला.”

ताईंना बोलायचं होतं. इतक्या वर्षांचं बोलायचं होतं, आणि त्यातला पहिला शब्द कुठला हेच सापडत नव्हतं. तुम्ही जाऊ नका, असं म्हणायचा हक्क कोणी दिला होता? तिकडे एक बाळ येणार होतं. गाडीचं तिकीट काढून झालं होतं, घर रिकामं झालं होतं.

“अहो,” साचेवाले म्हणाले, “काळजी...” मग मान हलवून वळले.

जिन्यावरची पावलं खालपर्यंत ऐकू आली. ताई उठून खिडकीशी गेल्या. नेहमीसारख्या धुरकट काचेआड उभ्या राहिल्या, आणि मागे आपल्याच टेबलावरचा दिवा जळतोय, रोज जळत होता, हे त्यांनी आज पहिल्यांदा वळून पाहिलं. खालून कोणालाही त्यांची सावली दिसली असती. लपल्या त्या फक्त स्वतःपासून होत्या. त्यांनी काचेच्या कडेला बोटं घातली. खिडकी कित्येक वर्षांत उघडली नव्हती. तिसऱ्या झटक्याला ती करकरत सरकली.

साचेवाले कोपऱ्यावर पोचले होते. ते थांबले आणि वळले. एका हातात पिशवी होती, दुसरा तसाच खाली लोंबत होता. आज त्यांनी खिसे चाचपले नाहीत. ते वर बघत उभे राहिले, आणि ताईही आज मागे सरल्या नाहीत. मधून एक सायकलवाला गेला, मग दोन बायका बोलत गेल्या, तरी ते उभेच होते.

“एवढं काय बघताय ताई?” पर्स खांद्याला लावत फोनवालीने दारातून विचारलं.

“त्यांना,” ताई म्हणाल्या.