उस्तादांचं लायसन

उमरग्याच्या हिंमतरावांनी दुसरा ट्रक घेतला ते साल एकोणीसशे अठ्ठावन्न. पहिला ट्रक सिद्धलिंग उस्ताद चालवायचे. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, लग्नाला तीन वर्षं झालेली, हिंमतरावांच्या आडतीवर पोती उचलायचो. एके दिवशी त्यांनी मला बोलावलं.

"बब्रुवान, गाडी शिकतोस का?"

मी व्हय म्हणालो. घरी येऊन सत्यभामेला सांगितलं, तर ती म्हणाली, "आधी उस्ताद शिकवतील का, ते इचारा."

तिचं बरोबर होतं. उस्ताद कुणाला शिकवत नसत. पन्नाशीचे, उंच, कपाळावर विभूतीचे पट्टे, आणि गाडीला हात लावण्याआधी हात धुणारे. निजामाच्या काळापासून हैदराबाद आणि सोलापूरच्या रस्त्यावर त्यांची गाडी. घरात कानडी, शाळा उर्दूत झालेली, आणि बाजारात आमच्यासारखीच मराठी. हिंमतरावांचा शब्द मोडवेना म्हणून ते तयार झाले, पण पहिला महिनाभर त्यांनी मला स्टिअरिंगला बोटसुद्धा लावू दिलं नाही.

तुळजापूरला माल उतरवला की आम्ही घाटाच्या कडेला दगडावर बसायचो. "डोळे मीट," ते म्हणायचे. चढणारी गाडी नुसती ऐकायची आणि सांगायचं, कितवा गिअर, गाडी भरलेली का रिकामी, ड्रायव्हर निवांत हाय का घाबरलेला. मला सगळ्या गाड्या सारख्याच बोंबलतायत असं वाटायचं.

"घरची म्हैस आवाजावरनं वळखतोस का न्हाय?"

"वळखतो की."

"मग ही बी वळखायची."

हळूहळू कान उघडले. एकदा मी डोळे मिटूनच म्हणालो, "ह्यानं गिअर उशिरा टाकला. आता अडकतंय." वरच्या वळणावर गाडी थांबली, क्लीनर उडी मारून चाकामागं दगड लावायला लागला. उस्तादांनी पानाचा विडा काढला, अर्धा तोडून मला दिला. "उद्यापासनं बस स्टिअरिंगवर."

मग गावाबाहेरच्या माळावर धडे सुरू झाले. दोन दगडांच्या मधून गाडी उलटी घ्यायची, चढावर थांबवून पुन्हा उचलायची. वळताना, थांबताना खिडकीतून दाखवायच्या हाताच्या खुणा मी घरीच ओट्यावर बसून घोटायचो. हात बाहेर काढायचा, खालीवर हलवायचा, गोल फिरवायचा. शेजारच्या गौराबाईनं चार दिवस बघितलं आणि सत्यभामेला हळूच विचारलं, "तुझ्या घरधन्याला माशा लई तरास देतात का गं?"

परीक्षा उस्मानाबादला असायची. इन्स्पेक्टर साहेब ठरलेल्या दिवशी यायचे. हैदराबाद स्टेट मोडून आमचा जिल्हा मुंबई राज्यात आला त्याला दोनएक वर्षं झाली होती. कचेऱ्यांतली उर्दू गेली होती, रस्त्यावरच्या पाट्याही मराठीत होत होत्या. आम्ही पहाटे निघालो. उस्तादांनीच गाडी चालवली. तुळजापूर आलं तशी त्यांनी गाडी बाजूला घेऊन भवानीला हात जोडले आणि म्हणाले, "घाबरू नको. गाडीला भ्या कळतं."

साहेब तरुण होते, बोलायला मऊ. मी गाडी मागं घेतली, चढावर उचलली, बाजारातून फिरवून आणली. मग त्यांनी पुठ्ठ्यावर लिहिलेल्या पाट्या दाखवल्या, त्या मी वाचल्या. माझ्या कागदावर शिक्का बसला. मला वाटलं, झालं. तेवढ्यात साहेब उस्तादांकडं वळले.

"शिकवलं तुम्ही? चांगलं शिकवलंय. तुमचं लायसन बघू."

उस्तादांनी मेणकापडात गुंडाळलेला कागद अदबीनं पुढं केला. सगळा उर्दूत. साहेबांनी एका जुन्या कारकुनाला बोलावून तो वाचून घेतला. कारकून खाली बघत म्हणाला, "मुदत संपून सात महिने झालेत, साहेब."

"साहेब, बावीस सालं गाडी चालवतो," उस्ताद म्हणाले. "आजवर एक कुत्रं न्हाय मेलं माझ्या चाकाखाली."

"खरं असेल, उस्ताद. पण मुदत गेली. आता नव्यानं परीक्षा द्यावी लागेल."

उस्ताद गाडीत चढले. दोन दगडांतून त्यांनी गाडी अशी मागं घेतली की कारकून कचेरीतून बाहेर येऊन बघत राहिले. मग साहेबांनी पुठ्ठा वर धरला. उस्ताद त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिले.

"उर्दूत लिवा साहेब, कानडीत लिवा. वाचतो."

"रस्त्यावर आता असंच लिहिलेलं असतं."

पुठ्ठ्यावर 'पुढे शाळा आहे' असं होतं. मी ते ओठांत पुटपुटलो. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उस्तादांनी मान खाली घातली.

"पुढच्या महिन्यात या," साहेब म्हणाले. "येताना कुणी चालवली ते मी विचारत नाही. जाताना मात्र यांना चालवू द्या."

परतीला मी स्टिअरिंगवर आणि उस्ताद क्लीनरच्या जागेवर. लायसनचा आनंद कुठं गेला कळलंच नाही. नळदुर्गच्या पुढं एक पूल लागला तेव्हा ते पहिल्यांदा बोलले.

"बब्रुवान, ती पाटी काय म्हणती?"

"पूल अरुंद आहे."

"अरुंद हाय, ते म्हाईत हाय. म्या हजार खेपा गेलो असंल ह्याच्यावरनं." मग मागं वळून पुलाकडं बघत म्हणाले, "पर ती पाटी इथं कवा लागली, ते म्हाईत न्हाय."

घरी सत्यभामेला सगळं सांगितलं. ती लोहाऱ्याची, शाळेत चौथी पास झालेली. भाकरी थापता थापताच म्हणाली, "मग त्यास्नी संध्याकाळी घरी बोलवा. बोलता येतंय, तर लिवायला कितीसं लागतंय?"

उस्ताद दोन दिवस आले नाहीत. बावीस वर्षांच्या बाईपुढं पाटी धरून बसायचं, त्यांना जड गेलं असणार. तिसऱ्या दिवशी आले ते हात धुऊन, धुतलेला सदरा घालून. ओट्यावर मांडी घातली आणि म्हणाले, "अव्वा, शिकव." आमच्या सीमेकडं लेकीलाही मायेनं अव्वा म्हणतात. त्या दिवसापासून सत्यभामा त्यांची अव्वा झाली.

पेन्सिल ते गिअरच्या दांड्यासारखी मुठीत धरायचे, दिवसाला दोन मोडायचे. उर्दूच्या सवयीनं हात उजवीकडनं निघायचा. सत्यभामा मात्र कच्ची गुरू नव्हती.

"उस्ताद, ळ ला घाई करायची न्हाय. दोन वळणं हायत त्याला."

"व्हय अव्वा. सावकाश घेतो."

आणि ते खरंच जीभ दातांत धरून ळ वळवायचे. आडतीवरचे हमाल हसले तेव्हा उस्ताद म्हणाले, "हसा. तुमास्नी तर एकबी भाषा वाचता येत न्हाय, मला आता तीन येतात."

महिन्यानं मीच त्यांना उस्मानाबादला घेऊन गेलो. साहेबांनी सगळे पुठ्ठे दाखवले. उस्तादांनी सगळे वाचले. मग ते थांबेचनात. भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, टेबलावरच्या फायलीचं नाव वाचलं, दाराजवळचं 'येथे थुंकू नये' वाचलं. साहेब हसत उठले आणि शिक्का स्वतः मारला. उस्तादांनी तो कागद डोळ्यांना लावला.

त्यानंतर नऊ वर्षं आम्ही दोन ट्रक मागंपुढं चालवले. कधी एकाच गाडीत असलो की उस्ताद रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचायचे. दुकानांच्या पाट्या, लग्नाच्या मांडवांवरची नावं, धर्मशाळांची नावं. एवढ्या वर्षांचा रस्ता त्यांना जणू पहिल्यांदाच दिसत होता. मी कंटाळायचो. आता वाटतं, कशाला कंटाळलो.

सदुसष्टच्या सुमारास त्यांना धूसर दिसायला लागलं आणि ते आळंदला लेकीकडं राहायला गेले. आळंद तसं जवळ, पण दुसऱ्या राज्यात. चार महिन्यांनी सत्यभामेच्या नावानं एक कार्ड आलं. अक्षर मोठं, ओळ तिरकी. लिहिलं होतं, 'चि. अव्वास आशीर्वाद. इकडं सगळ्या पाट्या कानडीत. मराठी वाचायला काही मिळत नाही. तू काहीतरी लिहून पाठव. मोठं अक्षर काढ.'

ती पाठवायची. पाऊस, ज्वारीचा भाव, गौराबाईच्या नातवाचं बारसं, माझा पाय मुरगळला ते. दर महिन्याला एक कार्ड जायचं, एक यायचं. तिकडचं अक्षर दर खेपेला थोडं मोठं होत गेलं. सहा वर्षं असं चाललं.

मग एक कार्ड आलं, सगळं कानडीत, दुसऱ्याच हातचं. आम्हा दोघांनाही वाचता येईना. चौकातल्या हॉटेलवाल्या बिराप्पाला कानडी वाचता यायचं, मी ते त्याच्याकडं नेलं, सत्यभामाही मागं आली. बिराप्पानं कार्ड आधी मनात वाचलं. मग त्यानं खांद्यावरचा पंचा काढून हातात धरला आणि आमच्यासाठी बाकडं पुढं ओढलं. उस्ताद गेले, हे त्याला सांगावं लागलं नाही.

घरी आल्यावर सत्यभामा ओट्यावर बसली. दिवेलागणीला उठली, कोरं कार्ड काढलं आणि उस्तादांच्या लेकीला लिहायला बसली. मराठीत, मोठं अक्षर काढून.

"तिला कुठं मराठी वाचता येतंय?" मी म्हणालो.

"वाचून घेईल कुणाकडनं," ती म्हणाली. "आपण न्हाय का घेतलं?"