एकदा दाबलं, चार मोजले

मी एक जुना सराव-बोर्ड आहे. विरार पूर्वेला, मनवेलपाड्याच्या पुढे एक इंजिनीअरिंग कॉलेज आहे, तिथल्या प्रयोगशाळेतला. हिरवी पाटी, बारीक लाल दिवे, आकडे दाखवणारी खिडकी, दोन बटणं आणि मधोमध काळी चिप. चिपमध्ये मुलं प्रोग्रॅम भरतात, तसा मी वागतो. मुलं मला किट म्हणतात. मित्रांनो, मला बोलायची सवय नाही. चुकलो तर सांभाळून घ्या.

मी आलो तेव्हा मला हार घातला होता. मग जळेन म्हणून कपाटात ठेवलं. मुलं स्क्रीनवरच्या माझ्या चित्रावर क्लिक करत आणि जर्नल भरत.

मला बाहेर काढलं प्रिस्का बाईंनी. त्या नंदाखालहून स्कूटीवर येत. त्यांची नोकरी वर्षावर्षाच्या कराराची. "जळलं तर जळू दे," त्या मुलांना म्हणत. "चिप बदलून मिळते. डोकं नाही मिळत." ती माझी चांगली वर्षं.

एकदा त्यांनी बटण किती वेळा दाबलं ते मोजायला सांगितलं. स्क्रीनवर सगळ्यांचं बरोबर आलं. माझ्यावर आयुष नावाच्या मुलाने बटण एकदा दाबलं आणि खिडकीत चार उमटले.

"मॅडम, हे किट येडं झालंय!"

"तू शहाणा आहेस ना? मग शोध."

चार वाजेपर्यंत तो बटण दाबत बसला. मग ओरडला, "मॅडम, बटणातला पत्रा थरथरतो! चिप प्रत्येक थरथर मोजते. पहिली मोजून जरा थांबायला पाहिजे."

बाई इतक्या हसल्या! "उद्या येऊन तसा प्रोग्रॅम लिही," म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी तपासणी समिती आली. विभागप्रमुख सदानंद सरांनी बजावलं होतं, "किट नुसतं चालू ठेवा. काय ते स्क्रीनवर दाखवा." पण समितीतल्या एका गृहस्थांनी माझं बटण दाबलंच. चार.

"हे काय?"

"सर, हाच आमचा धडा आहे," बाई म्हणाल्या. "आयुष, सांग सरांना."

आयुषने सदानंद सरांकडे पाहिलं. इंटर्नलचे मार्क त्यांच्या हातात. खाली मान घालून तो म्हणाला, "किटच खराब आहे, सर."

बाईंनी मला बंद केलं. अहवालात 'उपकरणं नादुरुस्त, देखरेख नाही' असं आलं. जूनमध्ये त्यांचा करार वाढला नाही.

आयुषला दोष द्यावा का, मला ठरवता येत नाही. तो पहिल्या वर्गात पास झाला. आता पुन्हा क्लिक चालतात, सगळ्यांची उत्तरं बरोबर येतात, आणि मी कपाटाच्या काचेआड बसून ते पाहतो.

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका. मला जपूही नका. मला एवढंच वाटतं, की तुमच्यातल्या कुणीतरी सरांसमोर उभं राहून सांगावं, किट चांगलं होतं आणि बाई बरोबर शिकवत होत्या. मी सांगितलं असतं. पण मला चार आकडे दाखवण्यापलीकडे काही येत नाही, आणि ते मी दाखवले होते.